उत्तर बरोबर आले, पण पटले का?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने देशभरातील डॉक्टरांना तातडीचा इशारा धाडला. तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे पायांत किंवा फुफ्फुसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांपेक्षा दुप्पट आहे, असे त्यात म्हटले होते. लोकांपर्यंत ही बातमी ‘धोका १०० टक्क्यांनी वाढला’ अशी पोहोचली. घाबरलेल्या असंख्य स्त्रियांनी गोळ्या एकाएकी बंद केल्या. नको असलेल्या गर्भधारणा वाढल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३ हजार जास्तीचे गर्भपात झाले, असा अंदाज नंतर मांडला गेला.

मूळ आकडा काय होता? आधीच्या गोळ्या घेणाऱ्या दर ७,००० स्त्रियांमध्ये एकीला गुठळीचा त्रास होत होता. नव्या गोळ्यांमुळे तो दर ७,००० मध्ये दोघींना होऊ लागला. एकाचे दोन झाले म्हणजे वाढ १०० टक्के, हे खरेच. पण ७,००० मध्ये एकीची भर पडली, हेही तितकेच खरे. शिवाय गर्भारपणातही गुठळीचा धोका असतो आणि तो या गोळ्यांच्या धोक्यापेक्षा मोठा असतो. म्हणजे धोका टाळण्यासाठी अनेकींनी त्याहून मोठा धोका पत्करला.

यातले गणित शाळकरी आहे. शेकडेवारी आणि गुणोत्तर यांपलीकडे त्यात काही नाही. गोळ्या बंद करणाऱ्या बहुतेक स्त्रियांनी आणि बातमी देणाऱ्या पत्रकारांनी ते शाळेत सोडवलेले असणार. प्रश्न असा की, जे गणित परीक्षेत सुटते, ते गरजेच्या वेळी आठवतच का नाही? त्याचे उत्तर शोधताना संशोधकांची नजर मुलांच्या बुद्धीपेक्षा त्यांच्या दृष्टिकोनाकडे अधिक वळली आहे.

हमखास गुणांची प्रकरणे

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणित भाग १ या पुस्तकात सहा प्रकरणे आहेत. शेवटची दोन ‘संभाव्यता’ आणि ‘सांख्यिकी’. वर्गात या प्रकरणांची ख्याती ‘हमखास गुण देणारी’ अशी असते. नमुना अवकाश लिहायचा, घटनेतील घटक मोजायचे, एकाला दुसऱ्याने भागायचे. वारंवारता सारणी करायची, सूत्रात किमती घालायच्या, मध्य, मध्यक, बहुलक काढायचे. वर्गसमीकरणापेक्षा हे सोपे वाटते. म्हणून मुले ते आवडीने सोडवतात आणि परीक्षा संपली की विसरतात.

‘हे कशासाठी शिकायचे?’ असा प्रश्न या प्रकरणांविषयी फारसा विचारला जात नाही, कारण ‘गुणांसाठी’ हे उत्तर सगळ्यांनी आधीच मान्य केलेले असते. फासा, नाणे, पत्त्यांचा कॅट आणि पिशवीतले रंगीत चेंडू यांच्याशी घरच्या दुखण्याचा, रक्ताच्या तपासणीचा किंवा पावसाच्या अंदाजाचा काही संबंध आहे, हे बहुतेक वेळा कोणी सांगतच नाही.

मुलांचा एखाद्या विषयाकडे पाहण्याचा दृष्टिकोन मोजता येतो. अमेरिकेतील कँडेस शाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सांख्यिकीसाठी अशी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्या पुढच्या आवृत्तीत ३६ विधाने आहेत. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत हे विद्यार्थ्याने १ ते ७ या मोजपट्टीवर सांगायचे. त्यावरून सहा गोष्टी तपासल्या जातात: विषयाबद्दल मनात काय भावना आहे, तो आपल्याला जमेल असे वाटते का, तो उपयोगाचा वाटतो का, किती अवघड वाटतो, त्यात रस आहे का आणि त्यासाठी किती मेहनत घ्यायची तयारी आहे.

ही विभागणी महत्त्वाची आहे. ‘मला जमते’ आणि ‘मला उपयोगी वाटते’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. एखादा विद्यार्थी पहिल्याला सातपैकी सात देईल आणि दुसऱ्याला दोन. गुणपत्रिकेत फक्त पहिले दिसते.

शाऊ आणि एस्मा एमिओग्लू यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयांत सांख्यिकीचा पहिला अभ्यासक्रम घेणाऱ्या सुमारे २,२०० विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला आणि शेवटी तीच प्रश्नावली दिली होती. विषय जमण्याबद्दलचा विश्वास सरासरीने होता तिथेच राहिला. पण विषयाची उपयुक्तता, त्यातला रस आणि मेहनतीची तयारी या तिन्ही गोष्टी शेवटी खाली आल्या. म्हणजे सांख्यिकी शिकल्यानंतर ती मुलांना आधीपेक्षा कमी उपयोगाची वाटू लागली. ही पाहणी शाळेतल्या मुलांची नव्हती, पण शिकवण्याची पद्धत सूत्रांभोवतीच फिरत असेल तर शाळेतही वेगळे काही घडावे, असे मानायला फारसे कारण नाही.

‘सहा पडतच नाही!’

दृष्टिकोनाच्या खाली आणखी एक थर असतो. संभाव्यतेचे प्रकरण उघडण्याआधीच मुलांच्या डोक्यात संभाव्यतेचे एक घरगुती शास्त्र तयार झालेले असते. लुडो खेळणाऱ्या मुलाला विचारा, फाशावर कोणता आकडा पडायला सर्वांत कठीण? ‘सहा’ हे उत्तर पुष्कळदा येते. हा समज फक्त आपल्याकडचा नाही, इतर देशांतल्या मुलांमध्येही अभ्यासकांना तो आढळला आहे.

त्यामागे अनुभव आहे. सोंगटी घरातून बाहेर काढायला सहाच लागतो, म्हणून वाट फक्त सहाची पाहिली जाते. तीन पडला नाही याची नोंद कोणी ठेवत नाही. फासा नीट असेल तर कोणताही एक आकडा पडण्याची शक्यता सहात एक असते, पण न पडण्याची सहात पाच. पहिल्या दहा फेकींत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के निघते. म्हणजे साधारण दर सहा खेळाडूंत एकाची सोंगटी दहा फेकी होईपर्यंत घरातच बसते. त्या मुलाचा राग खरा आहे, फक्त त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

हेच मूल दहावीत ‘फाशावर ६ मिळण्याची संभाव्यता १/६’ असे लिहून पूर्ण गुण मिळवते. मनातला समज मात्र तसाच राहतो. गणिताच्या वहीत एक उत्तर आणि खेळाच्या पटावर दुसरे, अशी दोन घरे सुखाने शेजारी नांदतात. दोघांची गाठ घालून देणे हे शिक्षकाचे काम, पण सूत्र लवकर संपवायचे असते तेव्हा तेच राहून जाते.

अशा समजांचे आणखी प्रकार आहेत. ‘एकतर होईल, नाही तर होणार नाही, म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी’ हा एक. ‘चार वेळा छापा आला, आता काटा येणारच’ हा दुसरा. तिसरा अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकी अभ्यासक क्लिफर्ड कोनॉल्ड यांनी १९८९ मध्ये त्याचे वर्णन केले. शक्यता सांगितली की अनेकांना ती ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी ऐकू येते. हवामान खात्याने पावसाची शक्यता ७० टक्के सांगितली आणि पाऊस पडला नाही, तर ‘अंदाज चुकला’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात असे दहा अंदाज दिले असतील तर साधारण तीनदा पाऊस पडू नये, हेच त्या अंदाजात अभिप्रेत असते. एका दिवसावरून तो बरोबर की चूक हे ठरतच नाही.

वय वाढले म्हणून हे समज आपोआप जात नाहीत. इस्रायलमधील एफ्राईम फिशबाईन आणि डी. श्नार्क यांनी १९९७ मध्ये पाचवी, सातवी, नववी आणि अकरावीच्या मुलांना आणि भावी शिक्षकांना असेच प्रश्न विचारले. काही गैरसमज वयाबरोबर कमी झाले. पण नमुन्याच्या आकाराकडे दुर्लक्ष करण्याची सवय वयाबरोबर वाढलेली दिसली. मोठी मुले गुणोत्तर शिकलेली असतात. गुणोत्तर सारखे दिसले की उत्तरही सारखे, असे ती आत्मविश्वासाने ठरवतात.

लहान शाळेचा शंभर टक्के निकाल

नमुन्याच्या आकाराचा तो प्रश्न डॅनियल काहनेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलेल्या एका कोड्यातून आला. गावात दोन रुग्णालये आहेत. मोठ्यात रोज सुमारे ४५ बाळे जन्मतात, लहानात सुमारे १५. ज्या दिवशी ६० टक्क्यांहून अधिक मुलगे जन्मले, तो दिवस दोघांनी वर्षभर नोंदवला. असे दिवस कोणाकडे जास्त? निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी ‘दोन्हीकडे सारखेच’ असे सांगितले. हिशेब केला तर लहान रुग्णालयात वर्षाला असे सुमारे ५५ दिवस निघतात आणि मोठ्यात सुमारे २५. संख्या लहान असली की टक्केवारी जास्त हेलकावते.

हे कोडे वाटते तितके पुस्तकी नाही. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की शंभर टक्के निकालाच्या शाळांची चर्चा होते. समजा, एका शाळेतून १२ मुले बसली आणि दुसरीतून ३००. दोन्ही शाळा सारख्याच चांगल्या, प्रत्येक मूल उत्तीर्ण होण्याची शक्यता ९५ टक्के. तरी पहिल्या शाळेचा निकाल १०० टक्के लागण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक निघते आणि दुसरीची जवळजवळ शून्य. उलट, पहिल्या शाळेत दोनच मुले नापास झाली तरी निकाल ८३ टक्क्यांवर घसरतो. त्यामुळे यादीच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही टोकांना लहान शाळा दिसतात. त्यात कधी शिक्षकांचे कष्ट असतात, कधी फक्त लहान आकडा. एखाद्या छोट्या गावात एका वर्षी कर्करोगाचे रुग्ण ‘तिप्पट’ झाले असे कळते, तेव्हाही आधी विचारायचा प्रश्न हाच: एकाचे तीन झाले की शंभराचे तीनशे?

डॉक्टरही अडखळतात

आरोग्याच्या क्षेत्रात या साऱ्याची खरी परीक्षा चाचणीच्या अहवालापाशी होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना एक प्रश्न विचारला. कोणतेही लक्षण नसलेल्या एका स्त्रीचा मॅमोग्राम पॉझिटिव्ह आला. तपासणीला येणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग असण्याचे प्रमाण १ टक्का. कर्करोग असेल तर चाचणी ९० टक्के वेळा तो दाखवते. नसेल तरी ९ टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह येते. तर या स्त्रीला कर्करोग असण्याची शक्यता किती?

डॉक्टरांपुढे चार पर्याय होते. बरोबर पर्याय फक्त २१ टक्के डॉक्टरांनी निवडला. बहुसंख्यांना शक्यता दहात आठ किंवा नऊ वाटली. मग त्यांना हेच आकडे टक्केवारीऐवजी माणसांच्या संख्येत मांडायला शिकवले. १,००० स्त्रिया घ्या. त्यांपैकी १० जणींना कर्करोग आहे आणि त्यांतल्या ९ जणींचा अहवाल पॉझिटिव्ह येईल. उरलेल्या ९९० निरोगी स्त्रियांपैकीही सुमारे ८९ जणींचा पॉझिटिव्ह येईल. एकूण पॉझिटिव्ह ९८, त्यांत खरा कर्करोग ९ जणींना. म्हणजे साधारण दहात एक. या प्रशिक्षणानंतर बरोबर उत्तर देणारे ८७ टक्के झाले.

याचा अर्थ चाचणी निरुपयोगी आहे असा नाही. पॉझिटिव्ह अहवालानंतर पुढची तपासणी करायलाच हवी, आणि स्तनात गाठ जाणवत असेल तर हा हिशेब लागूच होत नाही, कारण तो लक्षणे नसलेल्या स्त्रियांसाठी आहे. अर्थ एवढाच की, अहवाल हाती आल्यापासून पुढच्या तपासणीपर्यंतचे दिवस ‘कर्करोग झालाच’ अशा धसक्यात काढायचे, की ‘दहातल्या नऊ जणींना तो नसतो, पण खात्री करून घेऊ’ असे म्हणून, हा फरक या चार ओळींच्या हिशेबाने पडतो.

मुलांना हे झेपेल का? या प्रश्नाचे उत्तर बीजिंगमध्ये मिळाले. लिकी झू आणि गिगेरेन्झर यांनी २००६ मध्ये चौथी, पाचवी आणि सहावीच्या मुलांना याच धर्तीची, पण त्यांच्या वयाला साजेशी कोडी घातली. आकडे टक्केवारीत दिले तेव्हा एकाही मुलाला उत्तर काढता आले नाही. तेच आकडे ‘इतक्यांपैकी इतके’ असे दिले तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण चौथीत १९, पाचवीत ३९ आणि सहावीत ५३ टक्के झाले. सहावीची मुले टक्केवारीशी झगडणाऱ्या प्रौढांच्या बरोबरीला आली. तरीही सहावीतल्या एक तृतीयांश मुलांना एकही कोडे सुटले नाही, हेही या अभ्यासात स्पष्ट नोंदवले आहे. मांडणी बदलल्याने सगळेच सुटते असे नाही, पण दार उघडते.

सूत्राआधी नाणे

मग वर्गात काय बदलता येईल? पहिली गोष्ट फुकट आहे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने एक नाणे वीस वेळा उडवावे, पण त्याआधी किती छापे येतील याचा अंदाज लिहून ठेवावा. अनेक जण ‘१०’ लिहितील. प्रत्यक्षात बहुतेकांचे छापे ६ ते १४ यांच्या दरम्यान विखुरतील आणि एखाद-दोघांचे त्याही पलीकडे जातील. मग सगळ्यांची बेरीज फळ्यावर करावी. ८०० फेकींत छापे ४०० च्या जवळ, बहुधा ३७० ते ४३० दरम्यान येतील. एकेकट्याचे निकाल भरकटलेले आणि सर्वांचा मिळून निकाल स्थिर, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. दोन रुग्णालयांचे कोडे त्यानंतर समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा खेळ अधिक गमतीचा. निम्म्या मुलांनी नाणे खरोखर शंभर वेळा उडवून छापा-काटा लिहायचा, उरलेल्यांनी नाणे न उडवता मनाने लिहायचा. शिक्षकाने कागद पाहून खरा कोणता हे ओळखायचे. युक्ती सोपी आहे. खऱ्या शंभर फेकींत कुठे तरी सलग पाच वेळा एकच बाजू येणे जवळपास ठरलेले असते. मनाने लिहिणारी मुले मात्र तीन छाप्यांनंतर घाईने काटा लिहून मोकळी होतात. ‘आता काटा येणारच’ हा समज त्या कागदावर उघडा पडतो आणि त्यावर वर्ग हसतो. चुकीवर असे सगळ्यांनी मिळून हसल्यावर ती चूक लक्षात राहते.

तिसरी गोष्ट म्हणजे मुलांची स्वतःची माहिती. पाठ्यपुस्तकातली वारंवारता सारणी आयती असते. ती कोणी, कशासाठी, कोणाला विचारून जमवली, हे मुलांना ठाऊक नसते. न्यूझीलंडने २००७ च्या शालेय अभ्यासक्रमात विषयाचे नावच ‘गणित आणि सांख्यिकी’ असे केले. तिथे मुले आधी प्रश्न ठरवतात, मग माहिती कशी जमवायची याची आखणी करतात, ती जमवतात, तिचे विश्लेषण करतात आणि निष्कर्ष काढतात. सूत्र त्या साखळीतली एक कडी असते. आपल्या वर्गातही दप्तराचे वजन, झोपेचे तास किंवा शाळेत यायला लागणारा वेळ यांवर असा अभ्यास एका आठवड्यात होतो. घरापासून शाळेपर्यंतच्या वेळेचा मध्य आणि मध्यक वेगळे का आले, हे लांबच्या वाडीवरून चालत येणाऱ्या दोन मुलांकडे पाहिले की कळते. तेव्हा मध्यक ही व्याख्या राहत नाही, वर्गातली गोष्ट होते.

हे करायला वेळ लागतो, आणि ही प्रकरणे पुस्तकाच्या शेवटी, सराव परीक्षांच्या तोंडावर येतात. शिक्षकांची ही अडचण खरी आहे. पण नाण्याचा प्रयोग एका तासिकेत होतो, आणि तो सातवी-आठवीतही करता येतो.

सांख्यिकी आणि आरोग्य यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. जगात उपाशी माणसे किती, हे मोजायचे कसे, या प्रश्नात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला. माणसाची उष्मांकांची गरज सरासरीच्या एका आकड्यात बसत नाही, ती माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते, हा त्यांचा मुद्दा त्या काळी बराच वादग्रस्त ठरला. सरासरीभोवती किती पसारा आहे हे पाहिल्याशिवाय सरासरी वापरू नये, हे तत्त्व मात्र दहावीच्या वर्गात सांगण्याजोगे आहे. दरवर्षी २९ जूनला प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या जयंतीनिमित्त सांख्यिकी दिन साजरा होतो. शाळा नुकत्या सुरू झालेल्या असतात आणि नाण्याच्या प्रयोगाला तो दिवस सोयीचा आहे.

घरात काय करता येईल? वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर आरोग्याचा एखादा आकडा दिसला की पालकांनी मुलांबरोबर चार प्रश्न विचारावेत. किती जणांपैकी किती? आधी किती होते? ही माहिती कोणाकडून आणि किती जणांकडून घेतली? हे काही केलेच नसते तर किती जणांना झाले असते? ‘अमुक पदार्थाने धोका ५० टक्क्यांनी वाढतो’ हे वाक्य या प्रश्नांपुढे ठेवले की ‘दहा हजारांत दोघांऐवजी तिघांना’ असे काहीसे उत्तर निघू शकते. मग घाबरायचे की नाही, हे घरातली माणसे शांतपणे ठरवू शकतात.

मुलांना सांख्यिकी आवडायलाच हवी असे नाही. पण ‘मला जमते’ याच्या पुढे जाऊन ‘हे माझ्या कामाचे आहे’ असे त्यांना शाळेतच वाटायला हवे. ब्रिटनमधल्या त्या स्त्रियांना गोळ्या बंद करण्याआधी ‘किती जणींपैकी?’ एवढा एकच प्रश्न सुचायला हवा होता. तो विचारायची सवय लागायला एक नाणे, एक फासा आणि एक तासिका पुरते.